भोंग्याचा गळा आणि थोरलीचं खोटं

माझी थोरली सून नऊ दिवस माझ्या तोंडावर खोटं बोलली, आणि बोलताना तिचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सरळ होता. सकाळी माझ्यापुढे चहा ठेवायची, मी डोळे पुसत असायचे, आणि ही विचारायची, “आई, साखर पुरे का?” साखर पुरे का म्हणे. माझ्या मुलाच्या गळ्यावर सुरी फिरणार म्हणून मला घास उतरत नव्हता, आणि हिला ठाऊक होतं की फिरणार नाही.

थोरल्याच्या गळ्यात गाठ निघाली तेव्हा घरात काय काय झालं ते सांगत बसत नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं. गाठ स्वरयंत्रावर होती. पूर्वी असं निघालं की स्वरयंत्र काढूनच टाकायचे, म्हणाल्या, आणि श्वासासाठी गळ्याला पुढून भोक ठेवायचे. आता आधी तीन औषधं मिळून द्यायची. सलाइनमधून, पाच-पाच दिवस, दर तीन आठवड्यांनी, अशा तीन फेऱ्या. गाठ निम्म्याहून जास्त आटली, तर स्वरयंत्राला हात लावायचा नाही, नुसती किरणं द्यायची. नाही आटली, तर ऑपरेशन. एवढंच होतं. मला चौथी पास बाईला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल.

दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर म्हणाला असता, आवाज गेला तर गेला, जीव तर राहिला. पण आमचं घर आवाजावर उभं आहे. ह्यांनी लिलावघर काढलं ते जुन्या घरसामानाचं. कुणाचं घर मोडलं, कुणी गाव सोडलं, कुणी गेलं, की कपाटं, आरसे, शिलाई मशिनी आमच्याकडे येतात आणि दर शनिवारी बोली लागते. ह्यांच्या मागे तो हातोडा थोरल्याने धरला. त्याचा आवाज रस्त्याच्या पलीकडच्या न्हाव्यापर्यंत जातो. बाजारात त्याला भोंगा म्हणतात, आणि तो ते कौतुकच समजतो.

तीन फेऱ्या झाल्या. केस गेले, भुवया गेल्या, तोंड आतून सोलून निघालं, कानात सतत शिट्टी वाजायला लागली. बोटांच्या टोकांना स्पर्श कळेना, म्हणून शर्टाची बटणं थोरली लावायची. तिसऱ्या फेरीनंतर तपासण्या झाल्या आणि निकाल ऐकायचा दिवस आला, तेव्हा त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की दवाखान्याच्या गर्दीत बसू नका म्हणाले. मी जाते म्हटलं, तर माझे गुडघे. थोरली एकटी गेली.

तासाभराने परत आली, चपला काढल्या, हात धुतले, आणि म्हणाली, “नाही. फारसं कमी झालेलं नाही म्हणाल्या. पुढची ट्रीटमेंट करावीच लागेल. सोमवारी बोलावलंय.”

थोरला खिडकीत बसला होता.  त्याने टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली.

पुढचं कळलं ते दवाखान्यामुळेच. शुक्रवारी दुपारी लिलावघरात फोन वाजला. फोन माझ्या धाकट्या मुलाने उचलला. तो शनिवारच्या सामानाला नंबराची लेबलं चिकटवत होता. तोंडात एक लेबल तसंच धरून त्याने हॅलो केलं. पलीकडची बाई म्हणाली, पेशंट सोमवारी किरणांचा मास्क करायला आले नाहीत. डॉक्टर विचारतायत, इतका छान रिझल्ट आला असताना का आले नाहीत?

“कसला छान रिझल्ट?” धाकट्याने विचारलं.

“तीन चतुर्थांशाच्या वर गाठ गेलीये,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत नाही?”

धाकटा मला सांगत होता, “आई, माझ्या तोंडातलं लेबल ओठाला चिकटून बसलं. मला आधी वाटलं, हिने दुसऱ्याच कुणाचा कागद काढलाय. मी तिला दादाचं नाव तीनदा विचारलं.”

आणि सोमवारी थोरला कुठे होता? घरातून तर निघाला होता. चांगला शर्ट घालून, थोरलीकडून बटणं लावून घेऊन. “सोबत नको,” म्हणाला होता, “मोजमाप तर घेणार.” संध्याकाळी आल्यावर म्हणाला, झालं काम. म्हणजे तोही खोटं बोलला, पण त्याचं नंतर बघू. तो त्या दिवशी लिलावघराच्या मागच्या खोलीत, न विकलेल्या कपाटांच्या मधे, एका खुर्चीवर दिवसभर बसून होता. मोठ्याने बोली बोलून बघत होता. पलीकडच्या न्हाव्याने मला सांगितलं, “मालकीणबाई, सोमवारी कसला लिलाव होता हो? भोंग्याचा आवाज आला म्हणून मी डोकावलो, तर गिऱ्हाईक एकही नाही.”

शनिवारी सकाळी मी रिक्षा करून लिलावघरात गेले आणि सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. लिलावाला तास होता. मी बसले ती खुर्चीसुद्धा विकायची होती, पाठीला एकेचाळीस नंबर. समोर थोरली उभी राहिली, हातात पाकिटांची चवड घेऊन.

ती पाकिटं काय ते सांगते. सामानाचा मालक आपला कमीत कमी भाव चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात देतो. पाकिटं थोरलीकडे असतात. बोली त्या आकड्याला पोचली की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कुणाला कळता कामा नये. पोचली असं कळलं, की समोरचे लोक हात खाली घेतात, आता वस्तू जाणारच म्हणून. म्हणून शेवटपर्यंत चेहरा असा ठेवायचा, की अजून बरंच राहिलंय. हे तिला मीच शिकवलं, ती नवी नवरी असताना, आरशासमोर उभी करून.

“किती कमी झाली गाठ?” मी विचारलं.

तिने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने छताकडे.

“तीन हिस्से गेली,” ती म्हणाली. “एक राहिलाय.”

“आणि मला काय सांगितलंस?”

“तुम्हाला वेगळं सांगून कसं चाललं असतं, आई? तुमच्या पोटात राहिलं नसतं. तुम्ही त्यांना पेढा भरवल्यासारखं पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं.”

“माझ्या पोटात काय राहतं नि काय नाही, ते तुला कळायला अजून दोन जन्म लागतील.”

“वहिनी,” धाकटा मधे पडला, “पण का?”

तेव्हा तिने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला बसवून घेतलं, पाणी दिलं, निकाल सांगितला. ही रडली. मग त्या म्हणाल्या, आता जपा, आमचे बरेच पेशंट इथेच हातातून जातात. बरं वाटायला लागतं, आवाज सुटतो, गिळता येतं, आणि माणूस म्हणतो, झालो की बरा. तो येतच नाही. येतो तो चार-सहा महिन्यांनी, गाठ पुन्हा वाढल्यावर, आणि तेव्हा आमच्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

“हे ऐकल्यावर मी जिन्यात बसले, आई. मला दुसरं काही दिसेना, ह्यांचा पायच दिसायला लागला. पाय मोडला होता तेव्हा सहा आठवडे प्लास्टर ठेवा म्हणाले, आणि ह्यांनी विसाव्या दिवशी कापून काढलं. दुखत नाही म्हणे. अजून उजवा पाय ओढतात. मी म्हटलं, ह्या माणसाला ‘पोचलं’ असं कळलं, की हा हातोडा मारून मोकळा होणार. त्यापेक्षा नाही पोचलं असंच सांगावं. घाबरून तरी जातील पुढच्या उपचाराला.”

प्लास्टर कापायला कात्री मीच दिली होती. ते मी तेव्हा बोलले नाही.

“अगं पण शहाणे,” मी म्हटलं, “डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? नाही आटली तर काय?”

तिने पाकिटांची चवड कपाटावर ठेवून दिली. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत तिच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. नऊ दिवस ती किरणांचा विचार करत होती, आणि तो नऊ दिवस आपल्या गळ्याला पडणाऱ्या भोकाचा.

“नाही आटली म्हणजे ऑपरेशन,” दारातून आवाज आला.

थोरला उभा होता. टोपी, कोट, एका हातात हातोडा. आणि तो आवाज खोलीभर भरला होता. किती वेळ ऐकत होता कुणास ठाऊक.

“अहो,” थोरली म्हणाली, “ऐकलंत ना तुम्ही? मी खोटं सांगितलं होतं. गाठ आटलीये. खरंच आटलीये.”

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं.

“त्या दिवशी नाही आटली. आज आटली. सोमवारी मी गेलो नाही, म्हणून शनिवारी आटली.” खुंटीवरच्या हातोड्याच्या फडक्याने त्याने हातोडा पुसला. “मला गोडीगुलाबीने नेऊन टेबलावर निजवायचं ठरलंय तुमचं. मोजमाप कशाचं घेणार, ते मला कळत नाही का? लहान आहे मी?”

“दादा, दवाखान्यातून फोन आला होता. मी स्वतः ऐकलं.”

“तू तर बोलूच नकोस. तीन महिने माझ्या जागेवर उभा राहिलास, आवडली वाटतं जागा.”

धाकटा तसा मवाळ. पण त्या दिवशी त्याने हातातला लेबलांचा गठ्ठा खाली टाकला.

“जागा? मागच्या शनिवारी मी ‘दोन वार’ म्हटलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, ताई जरा मोठ्याने. सगळं लिलावघर हसलं. गुरुवार उजाडला की मी शनिवार टळावा म्हणून नवस बोलायला लागतो, दादा. तुझी जागा तुला लखलाभ. तू नीट बरा हो आणि मला ह्यातून सोडव.”

 थोरल्याला ते पटलं, हे मला दिसलं. पण त्याने बायकोचं काय करायचं? जिने तीस वर्षं चेहऱ्यावरची रेघ न हलवता हजार माणसांपासून आकडे लपवले, तिच्या चेहऱ्यावरून त्याने आज काय वाचायचं? ती रडत होती, हात जोडत होती, आणि तो तिच्याकडे खोटं नाणं वाजवून बघतात तसं बघत होता.

“आज मी बोलणार,” तो म्हणाला. “आवाज आहे तोवर बोलून घेतो. नंतर काय करायचं ते करा.”

आणि गेला. जाताना बाहीचं बटण सुटलेलं होतं. थोरली धावली, दारात त्याचा हात धरून तिने ते लावलं, आणि तो भांडणाच्या भरातही मनगट पुढे करून उभा राहिला.

मी काय करायचं ते मला कळेना, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आत आले तेव्हा मी थोरल्याच्या बाजूची होते. पोराला फसवलं म्हणून सुनेची हजेरी घ्यायला आले होते. पण आता ती खरं बोलत होती आणि तो ऐकत नव्हता, आणि डॉक्टरीणबाई शनिवारी एकपर्यंतच बसतात.

बाहेर लोक जमले. जुने व्यापारी, दोन नवी जोडपी, खानावळवाला, कोपऱ्यात न्हावी. भोंगा व्यासपीठावर चढला तसे लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. त्याने हात वर केला आणि पहिली वस्तू सुरू केली.

धाकटा त्याच्या शेजारी उभा होता. त्याने मला पुढे सांगितलं, की दादाचा श्वास दर चार शब्दांनी तुटत होता, आणि टेबलाखाली त्याचा हात लाकडाला घट्ट धरून होता. ते आम्हाला समोरून दिसलं नाही. मला ऐकू आलं ते वेगळंच. थंडीत ह्याच मुलाने माझ्याकडे पाणी मागितलं होतं आणि मला ओठांवरून ओळखावं लागलं होतं. आणि आता त्याचा आवाज मागच्या भिंतीला लागून परत येत होता. थोडा खरखरीत, पण येत होता. गाठ तशीच असती तर हा आवाज आला कुठून? माझ्याच मुलाला मी नऊ दिवस रोज ऐकत होते आणि मला हे कळलं नव्हतं. ऐकतच नव्हते. नुसती रडत होते.

चौथी वस्तू आली. तडा गेलेला आरसा, चौकट पोखरलेली. कुणी हात वर करेना.

मी हात वर केला.

आमच्या लिलावघराचा एक नियम आहे, ह्यांनी घालून दिलेला: घरच्यांनी बोली लावायची नाही. पन्नास वर्षांत तो कुणी मोडलेला नाही. थोरल्याने माझ्याकडे बघितलं, त्याला वाटलं मी पदर सावरतेय. मी हात खाली घेतला नाही. त्याने नाइलाजाने आकडा पुकारला.

“एक वार.”

मी पुन्हा हात वर केला.

लोक मागे वळले. “मालकीणबाई, तुमच्याविरुद्ध कुणीच नाहीये,” खानावळवाला म्हणाला. “तुम्ही स्वतःचाच भाव चढवताय.”

“तू तुझी खानावळ सांभाळ,” मी म्हटलं, आणि हात वर केला.

असा सहा-सात वेळा. लोक आधी हसले, मग कुजबुजायला लागले, म्हातारीला काहीतरी झालं म्हणून. थोरला लाल झाला. बोली चालू असताना हातोडा मारता येत नाही, आणि मी थांबत नव्हते.

“आई,” तो अखेर म्हणाला, “काय हवंय तुला?”

“आरसा नको,” मी म्हटलं. “तू दवाखान्यात ये. ह्या पोरीवर विश्वास ठेवू नकोस, धाकट्यावर ठेवू नकोस. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आत्ता. नाहीतर माझा हात एक वाजेपर्यंत असाच वर राहील, आणि तुला ठाऊक आहे माझा खांदा दुखतो.”

 कोपऱ्यातून न्हावी म्हणाला, “जा की रे भोंग्या. आईचा हात उतरव.”

त्याने हातोडा धाकट्याच्या हातात दिला. धाकट्याने तो मेलेला उंदीर धरावा तसा धरला.

रिक्षात मी मधे बसले. 

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खोलीत घेतलं आणि पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. घशात नळी घालून काढलेली. एक पहिल्या आठवड्यातलं, एक आत्ताचं. पहिल्यात डावीकडे फुलकोबीसारखं काहीतरी वर आलेलं, वाट जवळजवळ बंद. दुसऱ्यात वाट मोकळी, आणि कडेला एक खरबरीत पट्टा.

थोरला खुर्ची ओढून पुढे सरकला. खुर्च्यांचे बदललेले पाय आणि घड्याळांची बदललेली यंत्रं ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, तो असा कसा मानेल?

“दोन्ही माझेच कशावरून?” त्याने विचारलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पेनाचं टोक पडद्याला लावून म्हणाल्या, “ही शीर बघा. इथे वर जाते, मग अशी वाकडी वळते. आता इकडे बघा.”

त्याने बघितलं. डोळे बारीक करून, मान तिरकी करून, पुरती दोन मिनिटं बघितलं. मग मागे टेकला. त्याचे खांदे एकदम खाली आले, आणि मला वाटलं, सुटलो. आता हा बायकोला चार शब्द ऐकवेल, आणि सरळ जाऊन काय करायचं ते करून घेईल.

“म्हणजे आटली,” तो म्हणाला.

“छान आटली. तिन्ही औषधांचं काम झालं.”

“मग झालं तर.” तो उठलाच. टोपी नीट केली. “एवढी गेली, बाकीची जाईल हळूहळू. चांगल्या गळ्याला उगाच कशाला भाजून घ्यायचं? चल, आई.”

 डॉक्टरीणबाई समजावत होत्या, की औषधाने गाठ लहान केली, संपवली नाही. जे दिसत नाही तेही आत आहे असंच धरावं लागतं. वाढून परत आलेली गाठ ह्याच औषधांना मग जुमानत नाही. तो मान हलवत होता, पण ती मान मी ओळखते. भाव पटला नाही की व्यापाऱ्यांपुढे तो अशीच मान हलवतो आणि दाराकडे चालायला लागतो.

मी थोरलीकडे बघितलं. ती रडत नव्हती. चेहऱ्यावर ‘बघा, मी म्हटलं होतं’ असंही काही नव्हतं. ती दारात जाऊन उभी राहिली, अशी की त्याला जायचं तर तिला ढकलून जावं लागेल.

“आणखी लपवलंय मी,” ती म्हणाली. “ते पण ऐका, मग जा.”

“आणखी काय?”

“किरणांचे सात आठवडे आहेत. शनिवार-रविवार सोडून रोज. पहिले दोन आठवडे काही वाटणार नाही. तिसऱ्यापासून घसा आतून सोलवटेल. थुंकी खळीसारखी घट्ट होईल. चव जाईल. मानेची कातडी काळी पडेल. गिळता आलं नाही तर पोटाला नळी लावतील. आवाज राहील, पण आत्ता आहे तसाच राहील ह्याची खात्री कुणी देत नाही. आणि एवढं करूनही ती परत येऊ शकते. मग ऑपरेशन. हे सगळं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं. हे घरी कुणाला सांगितलं नाही.” तिने श्वास घेतला. “आणि खालच्या डाव्या दोन दाढा आधी काढाव्या लागतील. किडल्यात. किरणं झाल्यावर काढल्या तर जबड्याची जखम भरत नाही.”

“दाढा पण?” थोरला म्हणाला.

“दोन.”

त्याने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी हळूच मान हलवली, खरं आहे सगळं अशी.  मला वाटतं, नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला असं काही सांगत होतं, ज्यात सांगणाऱ्याचा काही डाव असूच शकत नव्हता. एवढं वाईट सांगून कोण कुणाला भुलवतं?

“आणि थांबलो तर?” त्याने तिलाच विचारलं, डॉक्टरीणबाईंना नाही.

“तर हा आवाज दिवाळखोराच्या घरासारखा आहे. आज दिवे लागलेत, एवढंच.” ती दारातून पुढे आली. “मला तुमचा आवाज नकोय हो. मुके झालात तरी मी बटणं लावीन. पण तुम्ही हवे आहात.”

तो खाली बघत होता. स्वतःच्या बोटांकडे. मग खुर्चीवर परत बसला.

“मास्क आज होईल का?” त्याने विचारलं. “परत सोमवारपर्यंत घरी गेलो, तर माझं मलाच सांगता येत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी फोन फिरवला. मास्क करणारा माणूस डबा उघडून बसला होता, तो झाकून उठला म्हणे. थोरल्याला आत नेलं. दाराच्या फटीतून मी बघितलं: गरम पाण्यातून एक जाळीदार प्लास्टिकचा पत्रा काढला, कापडासारखा मऊ, आणि त्याच्या तोंडावर, मानेवर, खांद्यांपर्यंत ओढून बसवला. आता थंड होऊन घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. रोज हाच चढवून टेबलाला अडकवणार, म्हणजे मान केसाएवढीही सरकू नये. जाळीच्या बाहेर त्याच्या एका हाताची बोटं उघडझाप करत होती. थोरली पुढे गेली, तर नर्सने तिला बाहेर बसवलं.

बाकावर ती माझ्या शेजारी बसली, थोडं अंतर ठेवून. तिला ठाऊक होतं, मी आता बोलणार. तीस वर्षांत मी हिला बोलायची सोडलेली नाही.

“आई, चुकलं माझं,” ती आधीच म्हणाली.

“चुकलंच,” मी म्हटलं. “त्याची माफी त्याच्याकडे माग, मी देणार नाही. आणि मला जे नऊ दिवस रडवलंस, त्याबद्दल मी तुला महिनाभर तरी टोमणे मारणार आहे, ते ऐकून घ्यायचे.”

“हो.”

“आता हे ऐक. चोपन्न वर्षं मी त्याला बघतेय. आज मला वाटलं, खरं दिसलं की तो सरळ जाईल. तुला वाटलं, खरं कळलं की तो पळून जाईल. तो पळत होता, थोरले. माझ्या पोराला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. हे मी एकदा बोलले, पुन्हा बोलणार नाही. आता डोळे पूस आणि आत जा. नर्सला म्हणावं सासूने पाठवलंय, त्याचा हात धरायला कुणीतरी हवं.”